बाहेरचा डोळा, इथली साक्ष

माहुल गाव मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीच्या समोर, खाडीच्या पलीकडच्या तीरावर आहे. कोळी-आगऱ्यांची ही जुनी वस्ती. १९५४-५५ च्या सुमारास शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, मागोमाग रसायनांच्या टाक्या आल्या, आणि पुढे शहरातल्या प्रकल्पांनी उठवलेल्या कुटुंबांसाठी ७२ इमारतींची वसाहत आली. इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये नोंदवलं. तरीही तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडल्यावर तिथल्या लोकांना याच इमारतींत आणलं गेलं. ते कोर्टात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, कोणालाही माहुलला राहायला भाग पाडता येणार नाही. पर्यायी घर देता येत नसेल तर महापालिकेने दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी.

माहुलला लागूनच आणिक हे गाव. जून २०२४ मध्ये या परिसराचं नाव पुन्हा उच्च न्यायालयात घेतलं गेलं, पण वेगळ्याच कारणासाठी. देवनारचं कब्रस्तान अपुरं पडू लागलं होतं. मय्यत दफन करायची कुठे, एवढाच प्रश्न घेऊन गोवंडीच्या काही रहिवाशांनी जनहित याचिका केली होती. पूर्व उपनगरातल्या तीन जागांची चर्चा झाली : एक देवनारच्या कब्रस्तानाला लागून, दुसरी रफीनगरच्या जुन्या कचराभूमीजवळ, तिसरी आणिकला, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारी. पालिकेची दिरंगाई पाहून मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने विचारलं, मग मृतदेह काय मंगळावर न्यायचे?

ही दोन्ही प्रकरणं वर्तमानपत्रांत नागरी सुविधांच्या बातम्या म्हणून छापली गेली. पहिलं घराचं, दुसरं जमिनीचं. धर्मस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला दंगल आठवते, देवळाचा किंवा मशिदीचा वाद आठवतो, फार तर धर्मांतराचा कायदा. पण जगभरात गेली पंचाहत्तर वर्षं या स्वातंत्र्याची जी व्याख्या घडत गेली, तिच्यात दफनभूमी अगदी मध्यभागी आहे. आपल्या माणसाला आपल्या रीतीने निरोप देता येणं ही श्रद्धेची अखेरची आणि सर्वांत उघडी खूण असते. ती मुभा ज्या समाजाला मिळत नाही, त्याच्या हातात संविधानाचं पंचविसावं कलम फक्त कागदावर राहतं. म्हणून या विषयाची ओळख संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या सभागृहातून न करता आणिकच्या भूखंडापासून करून देणं जास्त रास्त आहे.

तरीही जिनिव्हाला जावं लागेलच.

दिल्लीत संविधान सभेने धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा केली ती ३ आणि ६ डिसेंबर १९४८ ला. त्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यातलं अठरावं कलम विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य सांगतं आणि धर्म बदलण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवतं. पुढे १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात ही भाषा सौम्य झाली. धर्म बदलण्याऐवजी धर्म बाळगणं किंवा स्वीकारणं असा मजकूर आला. १९८१ च्या, धार्मिक असहिष्णुतेविरुद्धच्या जाहीरनाम्यात ती आणखी पातळ झाली. काही देशांना बदलाचा हक्क उघडपणे मान्य करायचा नव्हता, हे त्यामागचं कारण. ही माघार दुखणारी आहे, कारण धर्मस्वातंत्र्याची खरी कसोटी सोडून जाणाऱ्यापाशीच लागते. राहणाऱ्याला राहू देण्यासाठी फारसं औदार्य लागत नाही.

१९६६ च्या करारात भारत १० एप्रिल १९७९ ला सामील झाला. त्या वेळी सरकारने काही कलमांबद्दल आपली वेगळी भूमिका नोंदवली, पण धर्मस्वातंत्र्याच्या कलमाबद्दल (या करारातही ते अठरावंच) कोणतीही हरकत घेतली नाही. हे कलम आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. सार्वजनिक सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क यांसाठी श्रद्धेच्या बाह्य आचरणावर मर्यादा घालता येते. पण ती कायद्याने घातलेली हवी आणि गरजेपुरती हवी. मनातल्या श्रद्धेवर तर मर्यादाच नाही.

या अटींचा कस मार्च २०२० मध्ये मुंबईतच लागला. करोनाचे पहिले मृत्यू होत होते. ३० मार्चला महापालिकेने परिपत्रक काढलं : या रोगाने गेलेल्या प्रत्येकाचं दहन करावं, मग त्याचा धर्म कोणताही असो. आक्षेप आले आणि त्याच दिवशी परिपत्रक बदललं. पुरेशी मोठी दफनभूमी असेल तर दफनाला मुभा मिळाली. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात असे मृतदेह पुरू नयेत म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे न्यायालयाने मानलं, आणि सन्मानाने अंत्यविधी होण्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या कलमात येतो हे पुन्हा सांगितलं.

त्याच सुमारास श्रीलंकेत हाच प्रश्न उलट्या दिशेने गेला. एप्रिल २०२० पासून तिथे दहन सक्तीचं झालं. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या मृतांवर, तान्ह्या बाळांवरसुद्धा, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध अग्निसंस्कार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी, त्यांत धर्मस्वातंत्र्याचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक अहमद शहीद होते, जानेवारी २०२१ मध्ये जाहीर निषेध केला. दुसऱ्या देशांकडूनही दबाव आला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस दफनाला परवानगी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने माफी मागितली. मुंबईत जे एका दिवसात सुधारलं, त्याला तिथे दहा-अकरा महिने लागले. मुंबईत बोलणारी माणसं होती, ऐकणारे मंत्री होते, आणि नंतर कोर्ट होतं. तिथे घरातले सगळे दरवाजे बंद झाल्यावर बाहेरून दार ठोठावावं लागलं. बाहेरच्या देखरेखीचं काम काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

आपल्या घरच्या गोष्टीत बाहेरच्याने का डोकवावं, हा आक्षेप आपल्याकडे चटकन येतो. त्याला उत्तर द्यायला फार लांब जायला नको. या किनाऱ्याचा इतिहासच अशा हमीपत्रांनी भरलेला आहे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचं ठरलं, त्या करारात एक कलम असं होतं की, बेटावर राहिलेल्या लोकांना रोमन कॅथलिक धर्म पूर्वीसारखाच पाळता येईल. म्हणजे मुंबईत इंग्रजांचा झेंडा लागण्याआधीच इथल्या रहिवाशांच्या श्रद्धेबद्दल दोन राज्यांत लेखी बोलणं झालेलं होतं. १६७७ मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारख मुंबईला यायला तयार झाला, तेव्हा त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडून आधी अटी लिहून घेतल्या. घरात पूजाअर्चा करताना कोणी त्रास देणार नाही, आमच्या रीतीने मृतांचं दहन करता येईल, लग्नाचे विधी करता येतील, आमच्यातल्या कोणाला जबरदस्तीने ख्रिस्ती केलं जाणार नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदात अंत्यविधीचं कलम आहे, ही गोष्ट गोवंडीच्या याचिकेशेजारी ठेवून वाचावी अशी आहे.

माहुल तेव्हा मुंबई बेटाचा भाग नव्हतं. ते खाडीपलीकडे तुर्भे बेटावर, पोर्तुगीजांच्या मुलखात राहिलं. साष्टी आणि वसईच्या त्या पट्ट्यात हिंदूंना आपले विधी उघडपणे करायला बंदी होती आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा हात इथवर पोचत असे. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक अशा माणसांच्या तक्रारी पुण्याला पेशव्यांपर्यंत गेल्या. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. त्या वेळच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल, असं लिहून दिलं गेलं. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांच्या बाजूने लढलेल्या सेनापतीने जिंकल्यावर पराभूतांच्या उपासनेची हमी दिली. मराठी माणसाने वसईच्या विजयाइतकाच त्या कलमाचाही अभिमान बाळगावा.

या जुन्या तहांना एक मोठी मर्यादा होती. ते राजांनी राजांशी किंवा कंपनीने व्यापाऱ्याशी केलेले. हमी मिळायची ती समूहाला. त्यातल्या एकट्या माणसाला काय वाटतं, हे कोणी विचारत नव्हतं. विसाव्या शतकाने केलेला बदल हाच आहे. हक्क माणसाचा झाला, आणि राज्याने तो पाळला की नाही हे पाहणारी व्यवस्था राज्याबाहेर उभी राहिली.

ती व्यवस्था चालते तरी कशी? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने १९८६ मध्ये या विषयासाठी विशेष प्रतिवेदकाचं पद निर्माण केलं. हे पद बिनपगारी आहे आणि त्यावरची व्यक्ती कोणत्याही सरकारची नोकर नसते. तिच्याकडे पोलीस नाहीत, दंड करण्याचा अधिकार नाही. ती सरकारला पत्र लिहू शकते, बोलावलं तर देशात येऊन पाहणी करू शकते आणि अहवाल मांडू शकते. याशिवाय १९६६ च्या कराराची स्वतंत्र समिती आहे, जी ठरावीक काळाने प्रत्येक सदस्य देशाची तपासणी करते. भारताची अशी तपासणी १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाली. सत्तावीस वर्षांचं हे अंतर कोणत्याही देशाला शोभणारं नाही. शिवाय त्या कराराला जोडलेला वैयक्तिक तक्रारींचा पर्याय भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून माहुलच्या किंवा मालाडच्या रहिवाशाला त्या समितीकडे स्वतःची फिर्याद नेता येत नाही. विशेष प्रतिवेदकाला मात्र कोणीही लिहू शकतं.

अमेरिकन सरकारने १९९८ च्या कायद्याने नेमलेला आयोग ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते. तो आयोग एका देशाच्या संसदेला आणि सरकारला सल्ला देतो. २०२० पासून त्याने भारताला विशेष चिंतेच्या देशांत घालण्याची शिफारस चालवली आहे. भारताचं परराष्ट्र मंत्रालय ती पक्षपाती म्हणून फेटाळतं, आणि आयोगाच्या सदस्यांना भारताने व्हिसा नाकारल्याचेही प्रसंग आहेत. एका महासत्तेने दुसऱ्या देशांच्या वागणुकीला गुण द्यावेत, यात त्या महासत्तेचे हितसंबंध मिसळणारच. तो आक्षेप खरा आहे. पण तो घेऊन, भारताने स्वतः स्वीकारलेल्या कराराच्या देखरेखीवरही तोच शिक्का मारणं खरं नाही. एक परक्याचा कायदा आहे, दुसरं आपलं वचन आहे.

मार्च २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकपदावरची व्यक्ती मुंबईत आली होती. आस्मा जहांगीर, लाहोरच्या वकील. पाकिस्तानात ईशनिंदेच्या आरोपाखाली मृत्युदंड झालेल्या एका अल्पवयीन ख्रिस्ती मुलाचा खटला त्यांनी लढवला होता आणि १९९५ मध्ये लाहोर उच्च न्यायालयातून तो निर्दोष सुटला. त्यासाठी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. अशी बाई भारताची पाहणी करायला येते आणि भारत सरकार तिला येऊ देतं, ही दोन्ही बाजूंना शोभणारी गोष्ट होती. ३ ते २० मार्च या दौऱ्यात त्या अमृतसर, श्रीनगर, अहमदाबाद, भुवनेश्वर, लखनौ, तिरुवनंतपुरम अशा शहरांत गेल्या आणि मुंबईत शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनाही भेटल्या. आरोप ज्याच्यावर होतो त्याचंही ऐकायचं, हा त्यांच्या कामाचा नियम होता. त्या भेटीचा फोटो पुढे पाकिस्तानात त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. त्यांच्या कपड्यांच्या रंगावरूनही त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं. तटस्थपणे पाहणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. ११ फेब्रुवारी २०१८ ला त्यांचं निधन झालं.

२००९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचा सूर समतोल होता. भारतात कायद्याची चौकट भक्कम आहे, पण अंमलबजावणीवर अनेक जण नाराज आहेत, असं त्यांनी लिहिलं. धर्मांतरविरोधी कायद्यांचा फेरविचार व्हावा, मोठ्या हिंसाचाराच्या चौकशा लांबत राहू नयेत, आणि अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नसावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या.

यातली शेवटची शिफारस महाराष्ट्राच्या काळजाजवळची आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमाचा इतका मोठा, इतका शांत आणि इतका विचारपूर्वक वापर जगात दुसरीकडे कुठे झाला असेल, असं वाटत नाही. आणि या देशाने त्याची किंमत वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला होता. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, पण बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राचं दार चौतीस वर्षं बंद होतं. विवेकाने घेतलेल्या निर्णयाची शिक्षा म्हणून शिष्यवृत्ती आणि नोकरी गमवावी लागणं, ही बळजबरीच असते. फक्त तिच्या हातात काठी नसते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना मात्र तो दर्जा अजून नाही; त्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

कोणताही धर्म नको म्हणणाऱ्याचं काय? १९६६ च्या कराराच्या समितीने १९९३ मध्ये अठराव्या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना सांगितलं की, नास्तिक आणि निरीश्वरवादी विचारांनाही हेच संरक्षण आहे, आणि आपला धर्म उघड करायला कोणालाही भाग पाडता येत नाही. महाराष्ट्रात हा मुद्दा दोनदा कोर्टात आला. नाशिकच्या एका शिक्षकाला, शाळेच्या प्रार्थनेवेळी हात जोडत नाहीत म्हणून वरची वेतनश्रेणी नाकारली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, अशी सक्ती करता येणार नाही. दुसऱ्या प्रकरणात तिघांनी राज्य सरकारच्या मुद्रणालयाकडे अर्ज केला होता की, राजपत्रात आपली नोंद ‘धर्म नाही’ अशी करावी. अर्ज फेटाळला गेला. ते येशूला मानत होते, पण ख्रिस्ती किंवा कोणत्याच संघटित धर्माला मानत नव्हते. २३ सप्टेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी निकाल दिला : कोणताही धर्म न मानण्याचा हक्क संविधानाच्या विवेकस्वातंत्र्यातच आहे, आणि कोणत्याही अर्जात धर्म लिहायला सरकार माणसाला भाग पाडू शकत नाही. जिनिव्हाच्या समितीने एकवीस वर्षांपूर्वी मांडलेला विचार चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या एका अर्जावरून मुंबईत कायदा झाला.

सरकार आणि माणूस यांच्यातली ही गोष्ट तुलनेने सोपी. समाज आणि त्याच्यातला एकटा माणूस यांच्यात काय होतं, तिथे जगातल्या सगळ्याच देखरेख यंत्रणा अडखळतात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द ठरवला. बहुमताच्या मते, श्रद्धेच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचाच भाग होता. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले. बहिष्कार म्हणजे नुसतं मशिदीत न येणं नव्हे. नातलग बोलणं तोडतात, धंदा तुटतो आणि समाजाच्या कब्रस्तानात जागाही मिळत नाही. सांताक्रूझहून काम करणारे असगर अली इंजिनिअर यांनी हे आयुष्यभर भोगलं. धर्मगुरूंच्या सत्तेवर प्रश्न विचारल्यामुळे त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. ते श्रद्धा सोडलेले नव्हते. कुराणाचे अभ्यासक होते. २०१३ मध्ये ते वारले. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जो जातपंचायतींनाही लागू होतो. १९६२ च्या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. पंथाचं स्वातंत्र्य आणि पंथातल्या माणसाचं स्वातंत्र्य यांत निवड करायची झाली, तर झुकतं माप माणसालाच मिळायला हवं. सिन्हांचं एकट्याचं मत अजून ताजं वाटतं ते यामुळेच.

आता मुंबईच्या सर्वांत मोठ्या जखमेकडे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसं मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, ५ इतर. हे आकडे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचे. जानेवारी १९९३ मध्ये नेमलेला हा आयोग जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात, अटलबिहारी वाजपेयींच्या आग्रहानंतर, तो पुन्हा सुरू झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. त्याचा दुसरा खंड पोलीस ठाण्यांनुसार लिहिलेला आहे. देवनार, जोगेश्वरी, घाटकोपर. कोणत्या ठाण्याच्या हद्दीत कोणत्या दिवशी काय झालं, कोणी फोन केला, कोण आलं नाही. जगातल्या कोणत्याही प्रतिवेदकाला इतकं जवळून पाहता आलं नसतं. पण शिफारशी बहुतांश धूळ खात राहिल्या. २००८ मध्ये आस्मा जहांगीर चौकशांच्या दिरंगाईबद्दल बोलत होत्या, तेव्हा हा अहवाल दहा वर्षांचा झाला होता.

अखेर ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, लिहिला तो न्यायमूर्ती अभय ओक यांनीच. नागरिकांना हिंसेपासून वाचवण्यात राज्य कमी पडलं आणि त्यांचा एकविसाव्या कलमाखालचा हक्क डावलला गेला, असं न्यायालयाने म्हटलं. दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली होती. त्यांतल्या फक्त ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधायला आणि २ लाख रुपये व्याजासह द्यायला सांगितलं गेलं. बेपत्ता माणसाचा मृतदेह नसतो, म्हणून दफन नाही, दहन नाही, तेरावं नाही, चाळिसावा नाही. तीस वर्षं या घरांना दुःखाचा विधीही करता आला नाही. धर्मस्वातंत्र्याच्या अहवालांत ही हानी क्वचितच मोजली जाते. मोजली जायला हवी.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वारं कुठल्या दिशेला वाहतंय, हे सरकारी निर्णयांतून दिसतं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते, ते टीकेनंतर वगळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती आली. फसवून किंवा धाक दाखवून कोणाचा धर्म बदलणं हा गुन्हाच असायला हवा. अठराव्या कलमातही सक्तीला मनाई आहे. पण सज्ञान स्त्रीच्या लग्नाची नोंद पोलिसी चौकशीचा विषय होऊ लागली, की सक्ती कोण करतंय हा प्रश्न उलटा फिरतो. बाबासाहेबांच्या राज्यात धर्म बदलण्याआधी अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची वेळ येऊ नये.

आणि सीमेपलीकडे? बांगलादेशातल्या हिंदूंच्या देवळांवर हल्ला होतो, सिंधमधल्या हिंदू मुलींच्या जबरदस्तीच्या धर्मांतराची बातमी येते, तेव्हा मराठी माणूस कळवळतो आणि जगाने लक्ष घालावं असं म्हणतो. त्याचं बरोबर आहे. जग ज्या कलमाच्या आधारे तिथे लक्ष घालतं, तेच अठरावं कलम गोवंडीला आणि नाशिकलाही लागू आहे. कराचीतल्या हिंदूसाठी मागितलेला बाहेरचा डोळा आपल्याकडे वळला की परका ठरवता येत नाही.

त्या डोळ्याला दिसण्यासाठी मात्र इथून कागद जावा लागतो. विशेष प्रतिवेदकाकडे तक्रार पाठवताना काय घडलं, कधी, कुठे, कोणाच्या बाबतीत, कोणत्या अधिकाऱ्याने किंवा गटाने केलं आणि स्थानिक पातळीवर दाद मागितली का, एवढं नेमकं लिहावं लागतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची संमती लागते. निव्वळ वर्तमानपत्राच्या कात्रणावर भागत नाही. त्यावरून प्रतिवेदक सरकारला पत्र लिहितात. सरकारला साधारण साठ दिवस मिळतात, आणि मग ते पत्र व आलेलं उत्तर, दोन्ही सगळ्यांसाठी खुली होतात. भारताला गेलेली अशी पत्रं आणि भारताने दिलेली उत्तरं कोणालाही वाचता येतात. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार यांचीही. मुंबईतल्या वकिलांनी, वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयांत हा विषय शिकवणाऱ्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, आणि त्यांच्या जोडीला श्रीकृष्ण अहवालाचा दुसरा खंड ठेवावा.